वाढवलेली फळी

एखादी वस्तू लहान करणे म्हणजे तिचा अवमान करणे, अशी एक समजूत आपल्या मनात खोलवर रुजलेली असते. तोडणे, फोडणे, तुकडे पाडणे या साऱ्या क्रियापदांना आपल्याकडे अशुभाची छटा आहे. इतकी की बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असे म्हणायचे आणि देवापुढे नारळ फोडायचा नाही, तो ‘वाढवायचा’. मोडण्याला वाढणे म्हणणारी ही भाषा लहानपणापासून आमच्या कानांवर आहे. पुढे ती शिकवण्याचाच व्यवसाय पत्करल्यामुळे वर्गात विद्यार्थ्यांना हे उदाहरण आम्ही अनेकदा दिले. तथापि त्या शब्दाचा अर्थ आम्हांला खऱ्या अर्थाने भिडला तो एका शिसवी फळीवर करवत चालवताना. चार पिढ्यांच्या बैठकीने गुळगुळीत झालेल्या झोपाळ्याच्या त्या फळीतून आम्ही पदराला किंवा कोटाच्या कॉलरला लावायच्या बोटभर पिना कोरून काढल्या. हे सांगताना आजही थोडे अवघडल्यासारखे होते. म्हणूनच ते लिहून काढावे असे वाटले.

हा झोपाळा आमच्या कोकणातल्या घराच्या ओटीवर होता. पितळी कड्या, त्यांच्या मधोमध बसवलेले छोटे पितळी मोर, आणि खाली सुमारे दीड इंच जाडीची एकसंध फळी. शिसवाचा रंग काळा म्हणतात, पण तो काळा नसतो. जांभळट तपकिरी अंगातून काळ्या रेषा वाहत गेलेल्या असतात, आणि दुपारचे ऊन तिरपे आले की त्या रेषांखालचा तांबूस उजेड दिसू लागतो. आई जेवणानंतरची आवराआवर उरकून त्या झोपाळ्यावर वाचत बसे. ताईने पाढे तिथेच पाठ केले. आम्ही तिघे भावंडे एका वेळी त्या फळीवर मावत होतो, आणि कोण मध्ये बसणार यावरून रोज भांडत होतो.

2011 साली आई गेली. दोन वर्षांनी घर विकायचे ठरले, तेव्हा वस्तूंच्या वाटणीसाठी आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. भांडण नको म्हणून चिठ्ठ्या! झोपाळ्याची चिठ्ठी आमच्या नावाने निघाली. ताईच्या सांगलीच्या घराला ऐसपैस ओसरी होती. पुण्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घराच्या छताला साधी कडीही नव्हती. झोपाळा ताईला हवा होता हे आम्हांला ठाऊक होते. तिने तसे तोंडाने म्हटले नाही, आणि ‘ताई, तू ने’ हे तीन शब्द आम्हीही उच्चारले नाहीत. ‘नियम म्हणजे नियम’ असे काहीसे आम्ही बोललो. ती म्हणाली, “बरं. तुला आलाय, तू ने.” त्यानंतर अकरा वर्षे लग्नकार्यांत नमस्कार झाला, प्रकृतीची चौकशी झाली, बोलणे असे झाले नाही.

झोपाळा आमच्या बाल्कनीत भिंतीला टेकून उभा राहिला. पावसाळे आले आणि गेले. शिसवाचा गाभा टिकाऊ असतो, वाळवीलाही तो सहजासहजी दाद देत नाही. पण त्याच्या कडेचा पांढुरका भाग तसा नसतो. खोडाचा हा बाहेरचा भाग झाड जिवंत असताना पाणी वाहून नेतो, त्यात कीटकांना आवडणारे सत्त्व उरलेले असते. आमच्या फळीच्या एका कडेला अशी दोन बोटे पांढरी पट्टी होती. तिला कीड लागली. दुसऱ्या बाजूला कडी बसवण्याच्या भोकापासून निघालेली चीर हळूहळू फळीच्या मध्यापर्यंत गेली. एके दिवशी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी फळीवर बोटांनी टकटक केले, चिरेत नख घातले आणि म्हणाले, “सर, आता यावर माणूस बसायचा नाही. गाभा मात्र सोन्यासारखा आहे.”

पिना करण्याची कल्पना कुठून आली? आईपासूनच आली असावी. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हे चित्र परिचित असेल : आईच्या बांगडीला किंवा मंगळसूत्राला अडकवलेल्या दोन-तीन सेफ्टी पिना. शाळेच्या दारात कुणाचे बटण तुटो, लग्नात कुणाचा पदर सुटो, आई बांगडीची एक पिन काढून देई आणि विषय संपे. दागिना आणि गरजेची वस्तू यांतली सीमारेषा तिच्या मनगटावर पुसट झालेली होती. वास्तविक आपल्याकडच्या नऊवारीला पिनेची गरज नव्हती. ते वस्त्र गाठीवर आणि खोचण्यावर उभे राहते. खांद्यावरची शोभेची पिन आली ती नव्या तऱ्हेच्या नेसण्याबरोबर. सत्येंद्रनाथ ठाकूर सनदी नोकरीसाठी 1864 साली मुंबईस आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी येथे पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहिली, तीत फेरफार केले आणि बंगालमध्ये जी पद्धत रूढ केली, तीत पदर डाव्या खांद्यावर ब्रोचने अडकवला जाई. घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या पदराला स्थैर्य देणारी ही लहानशी वस्तू होती. शोभा तिच्यात होती, पण आधी काम होते.

मिस्त्रींना आम्ही फळी कापून द्या म्हटले, तेव्हा ते नाखूश झाले. “एवढी फळी, आणि पिना?” त्यांच्या मते तिच्यातून एक देखणा चौरंग झाला असता. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण चौरंग पुन्हा एकच झाला असता, आणि तो पुन्हा कुणा एकाकडेच गेला असता. हे त्यांना सांगितले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, “कापून मी देतो. कोरायचे मात्र तुम्ही शिका.” त्यांनी किडका भाग आधी वेगळा केला, उरलेल्या गाभ्याच्या सहा-सात मिलिमीटर जाडीच्या चकत्या पाडल्या. पहिली चकती सुटताच खोलीभर एक गोडसर सुवास पसरला. इंग्रजीत या लाकडाला गुलाबाचे नाव का मिळाले, ते तेव्हा कळले. शंभराहून अधिक वर्षे तो वास त्या फळीच्या आत होता, आणि तिच्यावर बसलेल्या आमच्यापैकी एकालाही तो कधी आला नव्हता.

शिकणे सोपे नव्हते. कमानीच्या बारीक करवतीने वळणे कापताना नवशिक्या माणसाचा हात करवत वळवू पाहतो, आणि पाते तुटते. करवत जागच्या जागी, सरळ वर-खाली चालवायची आणि लाकूड फिरवायचे, हे मिस्त्रींनी दहादा सांगूनही आमच्या अंगवळणी पडायला महिना गेला. आम्ही पहिली आकृती काढली ती पिंपळपानाची. पान सुरेख उतरले आणि काचकागद फिरवताना त्याचे देठ पटकन तुटले. मिस्त्री म्हणाले, “रेषा आडवी घेतलीत.” लाकूड ही तंतूंची जुडी आहे, तंतूंच्या दिशेने ते वाकते, तग धरते, पण आडव्या रेषेवर घेतलेला अरुंद भाग बिस्किटासारखा मोडतो. म्हणून आकृती लाकडावर ठेवण्यापूर्वी लाकडाची दिशा पाहावी लागते, आणि आकृतीतला सर्वांत नाजूक भाग त्या दिशेच्या हवाली करावा लागतो. आकृतिबंध आशयावर लादता येत नाही, असे आम्ही वर्गात इतकी वर्षे सांगत आलो. त्याचा पुरावा असा दोन तुकडे होऊन हातात येईल, असे मात्र वाटले नव्हते.

दुसरी चूक तेलाची. लाकडाला जवसाचे तेल उत्तम, असे आम्ही वाचले होते. मिस्त्रींना न विचारता तीन पिनांना ते लावले आणि वाळण्याची वाट पाहत बसलो. आठवडा झाला, पंधरवडा झाला; पिना चिकटच. शिसवाच्या गाभ्यात काही नैसर्गिक द्रव्ये असतात, ती तेलाला नीट सुकू देत नाहीत. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी साठवलेली ही द्रव्ये झाड पडून शतक उलटले तरी आपले काम करीत होती! शेवटी थिनरने पुसून सारे काढले, आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात दिले, वर मेण. गोंदाचेही तेच : मागची पितळी पिन चिकटवण्याआधी ती जागा थिनरने पुसली नाही, तर दोन भागांचे चांगले रसायनसुद्धा शिसवाला धरत नाही. शिवाय त्याच्या बारीक भुशाने आमच्या मनगटांवर पुरळ उठले, तेव्हापासून तोंडाला फडके आणि हाताला लांब बाह्या हा नियम झाला.

नुसते शिसव फार गंभीर दिसू लागले, म्हणून घरातलीच आणखी दोन लाकडे आम्ही जमवली. एक मोडका पाट होता, फणसाचा. फणसाचे लाकूड ताजे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडात राहून राहून तपकिरी होत जाते. पाट वरून काळवंडलेला होता, पण रंधा फिरवताच आतून तीच हळद निघाली. दुसरा एक बिबळ्याचा पेला. आमच्या आजोबांना मधुमेह होता; आजी रात्री त्या पेल्यात पाणी ठेवी आणि सकाळी ते त्यांना देई. त्या तांबूस पाण्यावर निळसर झाक दिसे. लहानपणी ती आम्हांला जादू वाटे. बिबळ्यातील द्रव्ये पाण्यात उतरली की उजेडात अशी निळी चमक देतात, हे पुढे कळले. पेल्याला तडा गेलेला होताच. त्याच्या काठाच्या तांबड्या चिपा शिसवात बसवल्या, की अंधाऱ्या माजघरात दिवा लावल्यासारखे वाटे.

या काळात एक पुस्तक हाती आले. डेल्फिन हिरासुना यांचे ‘द आर्ट ऑफ गामान’, 2005 सालचे. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी 1942 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून तारांच्या कुंपणाआड छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. हातात नेता येईल तेवढेच सामान नेण्याची मुभा. त्या छावण्यांत लोकांनी टाकाऊ लाकडातून बोटभर पक्षी कोरले, मासिकांतली चित्रे पाहून ते रंगवले, खिडक्यांच्या जाळीच्या उरलेल्या तारांचे त्यांना पाय केले आणि मागे सेफ्टी पिन बसवून ते कपड्यांवर मिरवले. लेखिकेला 2000 साली आईच्या मृत्यूनंतर अडगळीतल्या एका पेटीत असाच एक लाकडी पक्षी सापडला, आणि तिथून तिचा शोध सुरू झाला. ‘गामान’ म्हणजे असह्य तेही संयमाने व आब राखून सोसणे. घर गेलेल्या माणसांनी पिना का कराव्यात? कदाचित अंगावर वागवता येईल एवढेच घर त्यांच्यापाशी उरले होते, म्हणून.

त्या छायाचित्रांनी आम्हांला धीर दिला, आणि अडचणीतही टाकले. त्या माणसांचे घर इतरांनी हिरावून घेतले होते. आमचे आम्हीच विकले होते. झोपाळा कुणी आमच्यापासून हिसकावला नव्हता. उलट, तो ज्या घरी झुलला असता त्या घरापासून आम्हीच त्याला दूर ठेवला आणि भिंतीला टेकवून कुजू दिला. मग या कोरीवकामाला काय म्हणायचे? फडके-खांडेकरांच्या काळात रुळलेल्या लघुनिबंधावर पुढच्या टीकाकारांनी एक आक्षेप घेतला होता : क्षुल्लक विषयाच्या खुंटीवर मोठे तत्त्वचिंतन टांगण्याची ती एक चतुर कसरत आहे. आपल्या पिनाही तशाच नाहीत ना, अशी शंका आम्हांला रात्री छळू लागली. अपराधाला चकाकी आणून तो लोकांच्या छातीवर लावण्याचा हा उद्योग तर नव्हे? हा प्रश्न आम्ही सोडवला, असा आमचा दावा नाही. इतकेच सांगता येईल, की काचकागद फिरवत असताना तो कमी टोचे. खरखरीत कागद, मग त्याहून मऊ, मग त्याहूनही मऊ; प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाचे ओरखडे नाहीसे होईपर्यंत पुढचा कागद घ्यायचा नाही. घाई करून मधला टप्पा गाळला, तर तो ओरखडा शेवटच्या लाखेखालून हटकून वर येतो. पहिल्या दिवशीचा ओरखडा पहिल्या दिवशीच पुसावा लागतो. आम्ही अकरा वर्षे उशीर केला होता.

येथवर ‘आम्ही’ असे जे लिहीत आलो, ते लेखनाच्या सवयीने. करवतीपाशी आम्ही एकटेच होतो. त्या ओटीवर हे सर्वनाम तिघांचे होते.

सहा महिन्यांत नऊ पिना पुऱ्या झाल्या. दादा अमेरिकेत असतो. तिकडे शिसव पाठवता येईल का, याची चौकशी करावी लागली. कारण शिसवाचा सबंध वंश जानेवारी 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे. जगभरच्या चैनीच्या फर्निचरच्या हव्यासाने ही झाडे इतकी तोडली गेली, की चौकटी घालाव्या लागल्या. अल्प वजनाच्या तयार वस्तूंना त्यातून सूट असल्याने पिनेचे निभावले. पण त्या निमित्ताने एक गोष्ट मनात ठसली : एवढ्या रुंदीची एकसंध शिसवी फळी आता नव्याने कुणाच्या ओटीवर सहसा टांगली जाणार नाही. आपण जे कापले, ते केवळ आपल्या घरातलेच नव्हते. दादाने छायाचित्र पाठवले. त्याच्या लेकीने पिन कोटाला लावली होती. भाच्या, सुना, मावशी, सर्वांकडे एकेक गेली. मिस्त्रींनाही एक दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

ताईला पाठवली ती सर्वांत आधी पुरी झालेली. पिंपळपानच, पण देठ या वेळी रेषेच्या दिशेने घेतलेले, आणि मधली शीर फणसाची. चिठ्ठीत काय लिहावे ते सुचेना. चार मसुदे फाडले. शेवटी एवढेच लिहिले : ‘झोपाळा तुला द्यायला हवा होता. तो आता राहिला नाही. त्यातले हे.’

तीन आठवडे काही उत्तर आले नाही. मग एके संध्याकाळी फोन वाजला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “अरे, ती पिन पुढे कलंडते.”

आम्ही म्हणालो, “काय?”

“पदराला लावली की पान पुढे पडतं. जड आहे ना ते. मागची पिन तू बरोब्बर मध्ये लावली आहेस. ती वर हवी. आईची ती चांदीची पिन आठवते? तिची काडी वरच्या अंगाला होती.” क्षणभर थांबून ती म्हणाली, “पाठवते परत. नीट करून दे.”

तिचे म्हणणे अचूक होते. पिनेची काडी नेहमी मध्याच्या वर, साधारण वरच्या तिसऱ्या हिश्शात बसवावी लागते. म्हणजे खालचे वजन लोंबकळत राहते आणि नक्षी कापडाला टेकून उभी राहते. नंतरच्या पिनांना आम्ही ती तशीच बसवली होती. पहिल्या वेळी ठाऊक नव्हते, आणि पुढे ठाऊक झाल्यावरही ताईची पिन परत तपासून पाहण्याचे सुचले नाही.

पाकीट आले. पिनेबरोबर चिठ्ठी नव्हती. पण पान एका जुन्या सुती कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेले होते. आईच्या लुगड्याचा काठ आम्ही ओळखला. तोही कापलेला होता, म्हणजे त्याचीही कधीतरी वाटणी झाली असणार. पातळ पात्याने आम्ही मागची पिन सोडवली, जुने रसायन खरवडले, जागा थिनरने पुसली आणि काडी वरच्या अंगाला बसवली. जुन्या जागेची खूण मात्र शिसवात राहिली : एक बारीकशी, फिकट चौकोनी छाया. काचकागद मारून ती घालवता आली असती. आम्ही ती तशीच ठेवली, कारण ती मागच्या बाजूला आहे, आणि लावणाऱ्यालाच ती ठाऊक असणार आहे.

एक रात्र जोड नीट धरू द्यावा लागतो. सकाळी पिन आम्ही आमच्याच सदऱ्याला लावून आरशासमोर उभे राहिलो. कलंडली नाही. मग ती त्याच काठात गुंडाळली, आणि सांगलीला टपालाने न पाठवता स्वतःच घेऊन निघालो.